नव्या उपनगरात राहायला आलात? आसपासचे कार्यक्रम कसे शोधायचे आणि त्यांत कसं मिसळायचं

नव्या उपनगरात राहायला आल्यावर पहिले काही महिने कार्यक्रमांच्या बाबतीत आपलं वरातीमागून घोडं असतं. मैदानावर मांडव उतरवताना दिसतो तेव्हा कळतं की काल इथे काहीतरी होतं. शेजारी वर म्हणतात, "तुम्हाला माहीत नव्हतं? दरवर्षी असतं की!" ज्यांना हे माहीत असतं त्यांना कुणी सांगावं लागत नाही आणि ज्यांना माहीत नसतं त्यांना सांगायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

याचं कारण लोकांचा तुसडेपणा नव्हे. शहराच्या मध्यभागातल्या नाट्यगृहांना, संग्रहालयांना तिकिटं खपवायची असतात, म्हणून ती जाहिरात करतात. उपनगरातले बहुतेक उपक्रम हौशी माणसं सुट्टीच्या दिवशी, खिशाला फारसा खार न लावता चालवतात. जाहिरातीला पैसा नसतो आणि बऱ्याचदा तशी इच्छाही नसते, कारण नेहमीची माणसं येतातच. शिवाय आयोजक एक नसतो. ग्रंथालयाचं वेगळं, पालिकेचं वेगळं, शाळेचं वेगळं, क्रीडामंडळाचं वेगळं, रहिवासी संघाचं आणखी वेगळं. प्रत्येकाची सांगायची जागा निराळी. सगळ्यांची मिळून एक यादी कुठेच नसते. ती आपल्यापुरती आपणच करायची.

पण आधीच सांगून ठेवतो, यादी करणं हे निम्मं कामसुद्धा नाही. दर रविवारी नवा कार्यक्रम पाहून येणारा माणूस वर्षअखेरीला तितकाच अनोळखी राहिलेला असू शकतो. एखाद-दोन ठिकाणी नियमित जाणं आणि तिथे हाताला काही काम घेणं, एवढ्यानेच माणूस एखाद्या जागी रुजतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या दिशेने जाणाऱ्या आहेत.

पायरी १: 'आसपास' म्हणजे कुठवर, ते ठरवा

नकाशावर घराभोवती गोल काढू नका. मध्ये रेल्वेमार्ग किंवा महामार्ग आडवा आला की खिडकीतून दिसणारं मैदानही अर्ध्या तासावर जातं. अंतर मोजायचं ते वेळेत, आणि तेही परतीच्या वेळेत. जायला वाहन मिळतं, यायला मिळत नाही, हे उपनगराचं जुनं दुखणं. संध्याकाळचा कार्यक्रम रात्री संपणार असेल तर शेवटची बस कितीची, हे आधी पाहावं. दारातून निघून चालत वीस मिनिटांत पोचता येईल ते 'दर आठवड्याचं', वाहनाने अर्ध्या तासात पोचता येईल ते 'महिन्यातून एकदा', आणि त्यापलीकडचं 'वर्षातून एकदा' अशी ढोबळ विभागणी पुरते. नव्या उत्साहात लांबलांब जाणं होतं, पण नव्याचे नऊ दिवस संपले की तंगडतोड करून कोणी जात नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. उपनगरं बऱ्याचदा दोन स्थानिक संस्थांच्या सीमेवर असतात. तुमचा रस्ता एकीकडे आणि समोरची बाग दुसरीकडे, असं सहज असू शकतं. आपला वॉर्ड किंवा विभाग कोणता, हे एकदा नीट बघून ठेवा, कारण सूचना त्या नावाखाली निघतात. पलीकडच्या हद्दीतले कार्यक्रम वर्ज्य नसतात. फक्त जागा मर्यादित असतील तर नोंदणीत पहिला मान तिथल्या रहिवाशांना मिळू शकतो.

पायरी २: बातमी जिथे येते त्या जागा गाठा

सुरुवात सार्वजनिक ग्रंथालयापासून करा. मोबाइलपासून नव्हे. ग्रंथालयात आत जायला निमंत्रण लागत नाही, तिथे बसलेल्या माणसाला प्रश्न विचारणं हा आगाऊपणा ठरत नाही, आणि परिसरात कोण काय करतं हे त्या टेबलावरून बरंच दिसतं. दोन प्रश्न विचारा. पहिला सगळेच विचारतात: पुढच्या महिन्यात इथे काय काय आहे? दुसरा जास्त कामाचा: इथे नियमित कोण जमतं? वाचकगट, बुद्धिबळाचा गट, लहान मुलांचा गोष्टींचा तास, भाषा शिकणाऱ्यांचा गट... यांची वेगळी जाहिरात क्वचितच होते, कारण ते 'कार्यक्रम' नसतातच. ठरलेल्या वारी ठरलेल्या खोलीत माणसं येतात, इतकंच.

मग सूचनाफलक. ग्रंथालयाचा, बागेच्या फाटकाचा, व्यायामशाळेचा, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षातला. फलकावर मधोमध मोठी रंगीत भित्तिपत्रकं असतात, ती कुठूनतरी आपल्यापर्यंत पोचणारच असतात. बघायचे ते कडेला, टाचणीने तिरपे लावलेले, हाताने लिहिलेले कागद. ज्याने तो लावला तो माणूस चालत आला होता, म्हणजे जवळपासच राहतो. दर पंधरवड्याला फलकाचा फोटो काढून ठेवा आणि आधीच्या फोटोशी ताडून पाहा. जे कागद तिसऱ्या फोटोतही नवी तारीख घालून परत आलेले दिसतात, ते उपक्रम जिवंत आहेत.

काही वस्त्यांत रस्त्याकडेला खांबावर पुस्तकांची छोटी पेटी दिसते. एक पुस्तक घ्या, एक ठेवा, अशा धर्तीची. २००९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावात टॉड बोल यांनी शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ छोट्याशा शाळेसारखी दिसणारी अशी पेटी अंगणात उभी केली. तिथून ही कल्पना जगभर पसरली. आपल्या दृष्टीने पेटीतल्या पुस्तकांइतकाच ती सांभाळणारा महत्त्वाचा. ज्या घरासमोर पेटी आहे त्या घरातल्या माणसाला परिसरातली बरीचशी उठबस ठाऊक असते.

पालिकेच्या संकेतस्थळावर कार्यक्रमांचं पान असतं, ते बघाच. पण तिथे एक आडवाट आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. रस्ता बंद करायचा, मैदान घ्यायचं किंवा ध्वनिक्षेपक लावायचा तर आयोजकाला बहुतेक ठिकाणी परवानगी काढावी लागते, आणि वाहतूक वळवायची असेल तर तशी सूचना आधी निघते. 'अमुक तारखेला हा रस्ता सकाळी वाहनांसाठी बंद' हे वाचून इतर लोक वैतागतात. तुम्ही मात्र समजून घ्यायचं की तिथे त्या दिवशी धावण्याची शर्यत, मिरवणूक नाहीतर रस्त्यावरचा बाजार आहे.

शाळेत मूल नसलं तरी शाळेचा फलक वाचावा. शाळांची मैदानं आणि सभागृहं सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या मंडळांना दिली जातात. प्रार्थनास्थळांच्या सभागृहांचंही तसंच. तिथे चालणारा योगवर्ग किंवा गाण्याचा सराव धार्मिक असेलच असं नाही, तेव्हा नुसत्या पाटीवरून निष्कर्ष काढू नका.

आता मोबाइल. समान आवडीच्या माणसांच्या भेटी ठरवणारं 'मीटअप' २००२ पासून आहे, शेजाऱ्यांना जोडणारं 'नेक्स्टडोअर' २०११ पासून. नेक्स्टडोअरवर पत्ता पडताळून मगच आत घेतात. फेसबुकवर परिसराच्या नावाचे गट सापडतात. सगळीकडे एक खबरदारी घ्या. आवर्ती कार्यक्रम एकदा लावून ठेवला की गट बंद पडला तरी पुढच्या तारखा आपोआप दिसत राहतात. म्हणून 'येणारे कार्यक्रम' बघण्याआधी 'झालेले कार्यक्रम' उघडा. मागच्या दोन-तीन वेळचे फोटो किंवा अभिप्राय आहेत का? नसतील तर आयोजकाला विचारल्याशिवाय घरातून निघू नका.

वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल दुमत असू शकतं. त्यात शिरावं, आवाज बंद करावा आणि आठवड्यातून एकदा 'नोंदणी', 'रविवार', 'मैदान' असे शब्द टाकून शोध घ्यावा. पार्किंगची भांडणं वाचत बसायची गरज नाही.

पायरी ३: सगळं एका कॅलेंडरमध्ये आणा

वही चालेल, भिंतीवरची दिनदर्शिका चालेल. मोबाइलमधलं कॅलेंडर वापरणार असाल तर एक तांत्रिक गोष्ट माहीत असू द्या. अनेक ग्रंथालयं, पालिका आणि क्रीडासंस्था आपलं वेळापत्रक 'आयसीएस' स्वरूपात, म्हणजे कॅलेंडरच्या ॲपला थेट वाचता येईल अशा फाईलमध्ये, देतात. त्याची फाईल उतरवून घेतली तर त्या दिवशी जे होतं ते एकदाच तुमच्याकडे येतं. पुढे कार्यक्रम रद्द झाला तरी तुमच्याकडे तो तसाच दिसणार. त्याऐवजी त्या वेळापत्रकाचा दुवा कॅलेंडरला जोडा, म्हणजे बदल आपोआप येत राहतात. गूगल कॅलेंडरमध्ये हे संगणकावरून करावं लागतं: 'अदर कॅलेंडर्स'च्या शेजारच्या अधिकच्या चिन्हावर जाऊन 'फ्रॉम यूआरएल'. बदल दिसायला काही तास लागू शकतात, म्हणून निघण्याच्या दिवशी मूळ पान एकदा बघावं.

नोंदवताना कार्यक्रमाच्या तारखेआधी नोंदणी सुरू होण्याची तारीख लिहा. मुलांची सुट्टीतली शिबिरं, पोहण्याचे वर्ग, भाजीपाल्याच्या सामूहिक बागेतले वाफे यांच्या जागा नोंदणी उघडताच भरतात. कार्यक्रमाची तारीख लक्षात ठेवून तिथे हात चोळत बसण्यात अर्थ नाही.

काही तारखा जगात बऱ्याच ठिकाणी सारख्याच असतात, त्या आत्ताच भरून टाका. फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिप्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी १९९८ साली तो सुरू केला. कुठेही किमान पंधरा मिनिटं उभं राहून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि नोंदवायचे, बस. एप्रिलच्या अखेरीला 'सिटी नेचर चॅलेंज' येतं. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या चुरशीतून ते निघालं. आपल्या भागातली झाडं, किडे, पाखरं यांचे फोटो 'आयनॅचरलिस्ट' या ॲपवर टाकायचे असतात. घराच्या अंगणातले फोटो टाकणार असाल तर ठिकाण धूसर ठेवायची सोय त्यात आहे, ती वापरा. मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या सुमाराला 'जेन्स वॉक', म्हणजे रहिवाशांनीच काढलेल्या फुकट पदफेऱ्या. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांच्या नावाने त्या २००७ मध्ये टोरोंटोत सुरू झाल्या. नव्या माणसाला परिसर कळायला यासारखं दुसरं काही नाही, कारण वाट दाखवणारा तिथेच राहणारा असतो आणि तो पुस्तकी इतिहास कमी, गल्लीतल्या भानगडी जास्त सांगतो. १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन. त्या सुमाराला शिबिरं लागतात. आणि २० सप्टेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेला जागतिक स्वच्छता दिन. त्याचं मूळ २००८ मधल्या एस्टोनियात आहे. तिथे एका दिवसात सुमारे ५० हजार लोकांनी मिळून १० हजार टन कचरा उचलला होता.

फ्रान्समध्ये मे-जूनच्या सुमाराला येणारा 'शेजाऱ्यांचा सण' आता युरोपात इतरत्रही पसरला आहे. पॅरिसच्या सतराव्या विभागातले अतानाज पेरिफाँ यांनी १९९९ मध्ये तो सुरू केला. एक वृद्धा आपल्या घरात मरण पावली आणि कित्येक महिने कुणाच्या ध्यानातच आलं नाही, हे त्यामागचं कारण. तुमच्या देशात असा दिवस असो वा नसो, जिन्यात किंवा अंगणात तासभर जमण्यासाठी कुठल्याही सरकारी तारखेची वाट पाहावी लागत नाही.

पायरी ४: थोडंच निवडा, आणि आवर्ती निवडा

कॅलेंडर भरलं की मोह होतो सगळीकडे जाण्याचा. इथेच हात आखडता घ्या.

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुकतीच जागा बदललेली प्रौढ माणसं होती, म्हणजे तुमच्यासारखीच. नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र म्हणण्याइतकं व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक, असा त्यांचा हिशेब. आता आपला हिशेब करा. वर्षातून एकदा होणाऱ्या चार तासांच्या महोत्सवात हे ५० तास भरायला बारा वर्षांहून जास्त लागतील, आणि तेही दर वर्षी तीच माणसं भेटली तर. दर आठवड्याला दीड तास जमणाऱ्या गटात ते आठ महिन्यांत भरतात.

म्हणून नियम असा धरा: एक साप्ताहिक, एक मासिक. बाकी मोठे उत्सव हौस म्हणून. साप्ताहिक आणि मासिक उपक्रम कसे असावेत याची दोन उदाहरणं देतो, कारण दोन्ही नवख्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून रचलेले आहेत.

पहिलं 'पार्करन'. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनमधल्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी ते सुरू केलं तेव्हा १३ जण धावले होते. आता ते वीसहून अधिक देशांत चालतं. शनिवारी सकाळी बागेत पाच किलोमीटर, फुकट. चाललं तरी चालतं. एकदाच नावनोंदणी करायची, आपला बारकोड मिळतो, तो जगात कुठल्याही पार्करनला चालतो. शेवटची रेषा ओलांडली की हातात क्रमांकाचा बिल्ला मिळतो. मग स्वयंसेवक आधी तुमचा बारकोड आणि मग बिल्ला स्कॅन करतो, बिल्ला परत घेतो, आणि नंतर तुमची वेळ ईमेलवर येते. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे 'टेल वॉकर'. एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालत येतो, त्यामुळे शेवटचा क्रमांक तुमचा कधीच येत नाही. नव्या माणसाची धास्ती कुठे असते, हे ज्याला कळलं त्यानेच ही योजना केली असणार.

दुसरं 'रिपेअर कॅफे'. मार्टीन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिला भरवला. बिघडलेला दिवा, अडकलेली चेन, सुरू न होणारा रेडिओ घेऊन जायचं आणि दुरुस्ती येणाऱ्या स्वयंसेवकाशेजारी बसून ती वस्तू त्याच्यासोबत उघडायची. टाकून जाऊन संध्याकाळी न्यायची, असा प्रकार तिथे नाही. आणि तेच बरं आहे, कारण स्क्रू काढता काढता गप्पा होतात. वस्तू पुसून न्या, तिची वायर, चार्जर, बॅटऱ्या सोबत घ्या. वायरीविना आणलेल्या यंत्राचं कुणीही काही करू शकत नाही.

तुमच्या भागात ही दोन्ही नसतील. नसू देत. यातलं तत्त्व घ्या: ठरलेला वार, कमी खर्च, हाताला किंवा पायाला काहीतरी काम, आणि नवख्याची आधीच ठेवलेली सोय. पक्षिनिरीक्षण, सामूहिक गायन, बागकाम, पत्त्यांचा किंवा बुद्धिबळाचा गट, टेकडीवर चढायला जाणारी टोळी, या सगळ्यांना हे लागू होतं. नुसतं समोर बसून ऐकायचं असेल तर मात्र व्याख्यान कितीही चांगलं असो, ओळखी होत नाहीत. सगळ्यांची तोंडं व्यासपीठाकडे असतात.

पायरी ५: पत्रक नीट वाचा

समजा, फलकावर असा कागद आहे: 'रविवारी सकाळी ७ वाजता तळ्याजवळ पक्षिनिरीक्षण. सर्वांना मुक्त प्रवेश. लहान मुलांचं स्वागत.' वाचायला सरळ, पण यात किती गोष्टी नाहीत बघा. कुठला रविवार? कागद गेल्या महिन्यापासून तर लावलेला नाही? तळ्याला तीन बाजूंनी वाटा असतील तर कुठल्या बाजूला? ७ ही जमायची वेळ की निघायची? पाऊस आला तर? किती वेळ, किती चाल? लहान मुलं एकटी की पालकांसोबत? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बोलावतंय कोण?

हे आयोजकाला विचारताना जाब मागितल्यासारखं करू नये. एवढा संदेश पुरतो: 'नमस्कार, मी या भागात नवीन आहे. रविवारच्या पक्षिनिरीक्षणाला यायचं आहे. कुठल्या फाटकाजवळ आणि किती वाजता थांबू? दुर्बीण नाही, चालेल ना? सोबत आठ वर्षांची मुलगी असेल.' उत्तर आलं तर जागा कळली आणि तिथे तुमची वाट पाहणारा एक माणूसही तयार झाला. दोन दिवसांत काहीच उत्तर नाही आलं तर तो कागद शिळा समजावा.

'नोंदणी आवश्यक' आणि 'आधी नोंदणी केल्यास बरं' यांत फरक आहे. पहिल्यात दारावरून परत पाठवतात. नोंदणी करून जायचं रद्द झालं तर कळवून जागा मोकळी करा. छोट्या परिसरात न सांगता गैरहजर राहणाऱ्याचं नाव लगेच लक्षात राहतं. 'मुक्त प्रवेश' असेल तिथे आत गेल्यावर वर्गणीचा डबा असू शकतो. ती ऐच्छिक असते, पण असते.

पैसे आगाऊ मागत असतील तर थांबा. भित्तिपत्रकावरच्या क्यूआर कोडवर दुसरा कोड चिकटवणं फार सोपं आहे, म्हणून कडा नखाने चाचपून बघायला लाजू नका आणि पैसे पाठवण्याआधी पडद्यावर कुणाचं नाव येतंय ते वाचा. 'मोफत आरोग्य तपासणी' किंवा 'मोफत गुंतवणूक मार्गदर्शन' असं लिहून फोन नंबर आणि पत्ता आधी भरून मागणारे कार्यक्रम बहुधा गिऱ्हाईक शोधणारे असतात. जायचं तर जा, पण तो शेजार नव्हे, विक्री आहे. आणि ज्या अनोळखी गटाचं जमण्याचं ठिकाण कुणाचं तरी खासगी घर आहे, तिथे पहिली भेट सार्वजनिक जागी ठेवायला सांगावं. भली माणसं त्यावर रागावत नाहीत.

पायरी ६: पहिल्या दिवशी

दहा मिनिटं लवकर जा. उशिरा गेलं की घोळके तयार झालेले असतात आणि त्यांत शिरणं कठीण. लवकर गेलं की आयोजक सतरंज्या अंथरत असतो, त्याला दोन हात हवेच असतात.

"मी नवीन आहे, मला इथलं काही माहीत नाही," हे तोंडाने म्हणून टाका. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही हशील नाही. नवीन असणं हे तुमचं भांडवल आहे, पण ते चार-सहा महिनेच पुरतं. या काळात तुम्ही काहीही विचारू शकता, अगदी कचरा कोणत्या दिवशी उचलतात इथपासून. वर्षभराने तेच विचारलं तर लोक चमकून बघतात.

ज्या गटांत पाच-दहा वर्षांची दोस्ती आहे तिथे जुन्या विनोदांवर सगळे हसतात आणि आपण भिंतीकडे बघत राहतो. हे अपमानास्पद वाटतं, पण तसं असतं असं नाही. एकाच भेटीत गटाबद्दल मत बनवू नका. तीनदा जा. तिसऱ्या वेळी कुणीतरी नावाने हाक मारतं. तीनदा जाऊनही कुणी मारली नाही, तर गट बदला, त्यात कमीपणा नाही.

निघताना लगेच काढता पाय घेऊ नका. कार्यक्रम संपल्यानंतरची पंधरा मिनिटं, खुर्च्या रचताना, चपला शोधताना, सायकलीचं कुलूप उघडताना, हीच बोलण्याची असतात. हॉल यांच्या अभ्यासातही नुसतं कामापुरतं सोबत असणं मैत्रीच्या खात्यात कमी जमा होतं, मोकळा वेळ जास्त.

पायरी ७: एक छोटं काम अंगावर घ्या

दोन-तीनदा गेल्यावर आयोजकाला विचारा. "काही मदत लागली तर सांगा" असं मोघम म्हणू नका, त्यावर कुणी कधीच काही सांगत नाही. नेमकं विचारा: "पुढच्या वेळी नोंदणीच्या टेबलावर मी बसू का?"

नोंदणीचं टेबल मी मुद्दाम सुचवतोय. अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या वेस्टगेट या विद्यार्थी-वसाहतीत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी जास्त मैत्री झालेली त्यांना आढळली. ती माणसं स्वभावाने जास्त गोड होती म्हणून नव्हे, तर येणारा-जाणारा त्यांच्या दारावरून जात होता म्हणून. नोंदणीचं टेबल म्हणजे कार्यक्रमाच्या जिन्याचा पायथा. येणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यासमोर थांबावंच लागतं, नाव सांगावंच लागतं. बुजऱ्या माणसाला तर हे वरदान आहे, काय बोलायचं हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरी चांगली कामं: फोटो काढणं, ओळी लावणं, हरवलेल्या वस्तूंची पेटी सांभाळणं, पार्करनमध्ये शेवटी बिल्ले क्रमाने लावणं. पहिल्या वर्षात खजिनदार मात्र होऊ नका. कुणी आग्रहाने पद देत असेल तर ते रिकामं का आहे याची चौकशी करा. मंडळांत जुनी भांडणं असतात आणि नवा माणूस दोन्ही बाजूंना हवा असतो.

मुलं, वयस्कर आई-वडील, चाकाची खुर्ची वापरणारं कुणी सोबत असेल तर जागा आदल्या दिवशी बघून या. रॅम्प आहे असं सांगतात, पण त्याच्या टोकाला कुलूप असतं. स्वच्छतागृह कुठे, बसायला सावली आहे का, हे पत्रकात कधी नसतं. भाषा अडत असेल तर आधी गायन, बागकाम, खेळ यांसारखे हाताचे-पायाचे गट निवडा. शब्द तिथे मागाहून येतात. आणि वयस्करांना घराबाहेर पडायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसांचे दुपारचे कार्यक्रम बघा. नोकरदार शहरात गेल्यावर उपनगर रिकामं होतं, असं आपल्याला वाटतं. ग्रंथालयात जाऊन पाहा, तेव्हाच तिथे जागा मिळत नाही.

स्वतः काही सुरू करायचं झालं तर

वर्षभराने असं लक्षात येतं की आपल्याला हवा तो गट इथे नाही. मग तो सुरू करावा, पण आधी विचारून घ्यावं. कुठल्यातरी चालू गटाच्या आयोजकाकडे जाऊन "असं पूर्वी कुणी केलं होतं का? का बंद पडलं?" हे दोन प्रश्न टाका. बहुतेकदा कुणीतरी केलेलं असतं, आणि बंद पडण्याचं कारण जागा हे असतं, माणसं नव्हे.

एक वार, एक वेळ, एक जागा ठरवा आणि मतदान घेऊ नका. "कुणाला कुठला दिवस सोयीचा?" असं ग्रुपवर विचारलं की आठवडाभर चर्चा होते आणि कुणीच येत नाही. 'महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी आठ, बागेचं उत्तरेकडचं फाटक' एवढं जाहीर करा. तिघं आली तरी कार्यक्रम झाला असं समजा, आणि एकही आलं नाही तरी अर्धा तास तिथे थांबा, कारण उशिरा येणारा माणूस रिकामं फाटक बघून गेला की पुन्हा येत नाही.

सार्वजनिक बागेत चार-पाच जण जमायला सहसा परवानगी लागत नाही. मांडव, ध्वनिक्षेपक, विक्री, पैसे गोळा करणं यांतलं काहीही आलं की लागते. अर्ज लवकर द्या. विमा लागतो का, हेही त्याच खिडकीवर विचारा. मुलं असतील तर पालकांपैकी कोण सोबत, हे लेखी ठेवा. पावसाचा नियम एकदाच ठरवा, उदाहरणार्थ सकाळी सहाला ग्रुपवर 'आहे' किंवा 'नाही' एवढाच संदेश, आणि त्यावर वाद नाही.

आणि पहिल्याच महिन्यात दुसरा एक माणूस हेरून ठेवा, ज्याच्याकडे खोलीची किल्ली, ग्रुपचे अधिकार आणि आयोजनाची वही तुमच्याइतकीच असेल. तुम्ही आजारी पडलात किंवा बदली होऊन दुसऱ्या गावी गेलात, तरी दुसऱ्या रविवारी आठ वाजता फाटकापाशी कुणीतरी उभं असायला हवं.